नोलेन गूळ : झोला घ्यावा की पाटाली?

निकाल आधीच सांगतो. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत बंगालात जाणं होणार असेल, किंवा तिकडून कोणी येणार असेल, तर पातळ झोला गूळ मागवा. लांबचा प्रवास असेल तर पाटाली, म्हणजे घट्ट ढेप घ्या, पण अंगठ्याने दाबली तर दबणारी. ट्यूबमधला गूळ आइस्क्रीमवर ओतण्यापुरता ठीक. आणि ऑगस्टात कोणी ‘ताजा नोलेन’ म्हणून ढेप पुढे केली, तर खिशात हातही घालू नका.

नोलेन गूळ हा खेजुराच्या रसाचा. खेजूर म्हणजे अरबी खजुराचं झाड नव्हे. आपण जिला शिंदी म्हणतो तीच ही. फळात बीच मोठी, गर नावाला. आपल्याकडे शिंदी म्हटलं की झाडाआधी तिची ताडी आठवते. रस तोच. बंगालातला शिउली, म्हणजे रस काढणारा (काही भागांत त्याला गाछी म्हणतात), तो रस आंबायच्या आत चुलीवर चढवतो, एवढाच फरक. गुळातलं बरंवाईट सगळं या ‘आंबायच्या आत’वर ठरतं, आणि ते कुठल्याही लेबलावर छापलेलं नसतं. नावाची फोड दोन प्रकारे करतात. कोणी म्हणतं झाडाला ठोकलेल्या नळीवरून ‘नोलेन’, कोणी म्हणतं ‘नवा’ या अर्थाने. गूळ विकणाऱ्याला दोन्ही अर्थ सोयीचे.

नदिया, मुर्शिदाबाद, दक्षिण चोवीस परगणा, बीरभूम, बांकुडा, सगळीकडे खेजूर दिसतो, पण खेजुराची बाग शोधायला गेलात तर बहुतेक हात हलवत परत याल. झाडं उभी असतात बांधावर, तळ्याच्या काठाला, रस्त्याच्या कडेला. सखल मुलखात घर बांधायचं तर आधी जोतं उंच करावं लागतं. त्यासाठी जिथून माती काढली तिथे पाणी साठून पुकुर, म्हणजे घरामागचं तळं तयार होतं. त्या तळ्याच्या काठावर केळी, बांबू आणि खेजूर. सगळ्यात उंच जागी वस्ती, त्याखाली भाजीपाल्याची डांगा जमीन, मग भातखाचरं, आणि अगदी तळाला बिल, जिथलं पावसाचं पाणी हिवाळ्यापर्यंत हटत नाही. आमन भात अग्रहायणात, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात कापलं जातं, शेतं मोकळी होतात, आणि नेमका तेव्हाच रस सुरू होतो. चुलीला जळणही गावातलंच: पावसाळ्यात सोललेल्या तागाच्या वाळक्या काटक्या, पेंढा, आणि खेजुराच्याच छाटलेल्या झावळ्या. मडकी कुंभाराकडून येतात. झाड शेतकऱ्याचं, हात शिउलीचा. हंगामापुरता झाडामागे करार होतो, मोबदला रोख किंवा गुळात. बांकुडा-बीरभूमकडच्या लाल मातीत झाडं पुष्कळ आहेत, तिथे दरवर्षी नदिया-मुर्शिदाबादकडचे शिउली येतात, माळावर पेंढ्याची खोपटी बांधतात आणि फाल्गुनात परत जातात. रस्त्याकडेला धुराचं खोपटं आणि बाहेर उपडी मांडलेली मडकी दिसली, तर गूळ तिथेच विचारावा. त्याहून ताजा मिळत नाही.

झाड पाचेक वर्षांचं झालं की कापायला घेतात. कार्तिकात एका बाजूच्या झावळ्या आणि त्यांच्या बुडाचा काथ्या साफ करून आतला पांढरट, मऊ भाग उघडा करतात. तो आठ-दहा दिवस वाऱ्यावर सुकू देतात. मग पातळ धारेच्या कोयत्याने पुन्हा तासून त्यावर खाली निमुळती होत जाणारी खाच पाडतात आणि खाचेच्या टोकाला चिरलेल्या बांबूची वीतभर नळी बसवतात. नळीखाली खुंटी, खुंटीला मडकं. हे सगळं कमरेला दोर बांधून, झाडाला पाय रोवून, पंधरा-वीस फुटांवर. काप उथळ पडला तर रस येत नाही. खोल गेला तर झाडाचा गाभा दुखावतो, आणि चैत्र-वैशाखाच्या वादळात शेंडा तिथूनच मोडतो. पुढच्या वर्षी काप उलट बाजूला. त्यामुळे जुन्या खेजुराचं खोड नागमोडी पायऱ्यांचं दिसतं. खाचा मोजल्या की झाड किती हंगाम कापलं गेलंय ते कळतं.

आता या गुळाबद्दल कळायला हवी अशी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. झाड रोज कापत नाहीत. दोन-तीन रात्री रस घेतला की दोन-तीन दिवस विसावा देतात, या विसाव्याला जिरेन म्हणतात. विसाव्यानंतरच्या पहिल्या रात्रीचा रस म्हणजे जिरेन काट: पाण्यासारखा निवळ, गोड, वास हलका. दुसऱ्या रात्रीचा दोकाट, थोडा कमी गोड. तिसऱ्या रात्रीचा तेकाट, गढूळसर आणि आंबटपणाकडे झुकलेला. सूर्य उगवल्यावर, दिवसा गळणारा रस तर पाक धरतच नाही. त्याचा चिकट काळपट गूळ होतो, तो तंबाखूत जातो. पाटालीचं नाव काहीही असो, ती यांतल्या कोणत्या रसाची आहे हा खरा प्रश्न. विकणाऱ्याला ‘जिरेन काटचा आहे का?’ एवढं विचारून बघा. शिउली असेल तर हसून खरं सांगेल. नुसता दुकानदार असेल तर ‘एकदम जिरेन’ म्हणेल, मग विश्वास ठेवायचा की नाही ते तुमच्या जिभेवर.

तेकाट वाईट का, याला कारण आहे. रसात साधारण १० ते १२ टक्के साखर असते, आणि ताज्या रसात ती जवळजवळ सगळी उसाच्या साखरेसारखी, दाणे धरणारी असते. मडक्यात यीस्ट आणि जिवाणू शिरले की ते ही साखर फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतात. या दोन साखरांचा दाणा सहज बसत नाही, उलट त्या दुसऱ्यालाही बसू देत नाहीत. रात्र थंड असेल तर हे काम सावकाश चालतं. ढगाळ, उबदार रात्री सकाळपर्यंत रस पांढुरका होऊन फेसाळतो. धुकं दाट असेल तर रसही कमी येतो. उत्तरेचा कोरडा वारा आणि निरभ्र आकाश ही शिउलीची खरी कमाई. म्हणून तो मडकी रोज गरम पाण्याने धुतो, पेंढ्याच्या धुरावर उपडी धरतो, आतून चुन्याचा हात फिरवतो (चुन्याने रस आंबट व्हायला वेळ लागतो), आणि ऊन पडायच्या आत सगळी उतरवतो. यातली एक पायरी चुकली की त्या दिवशीचा गूळ बसत नाही.

बसला नाही तर? तर त्यात साखर पडते. भेसळीची गोष्ट सांगताना सगळे विकणाऱ्याच्या हावेवर बोट ठेवतात. हाव असतेच. पण निम्मी साखर नाइलाजाने पडते, आंबलेल्या रसाची पाटाली उभी करायला. कारखान्याची साखर घातली की दाणा धरला जातो, पाटाली टणक होते, रंग उजळतो आणि वजनही वाढतं. गिऱ्हाईकही उजळ आणि टणक पाटालीलाच ‘चांगली’ म्हणतं, हे त्यातलं सगळ्यात मोठं दुखणं. रंग आणखी खुलवायला काही ठिकाणी तुरटी किंवा ‘हायड्रोज’ ही विरंजक पूड घालतात. ती घातली की गूळ सोनेरी दिसतो, पण जिभेवर मागाहून खारट-तुरट चव रेंगाळते.

हिशोब मांडला की भावाचा अर्थ लागतो. समजा एका शिउलीकडे नव्वद झाडं आहेत. तीस-तीसच्या तीन पाळ्या केल्या तर एका रात्री जिरेन काट फक्त तीस झाडांचा. झाडामागे तीन लिटर धरले तर नव्वद लिटर. किलोभर गुळाला आठ-नऊ लिटर रस आटवावा लागतो, म्हणजे दहा-अकरा किलो. त्यासाठी तीस झाडांवर दुपारी एकदा आणि पहाटे एकदा चढायचं, मग तीन-चार तास चुलीपाशी बसायचं. हे डोक्यात ठेवून साखरेच्या दुप्पट-अडीचपट भावात मिळणाऱ्या पाटालीकडे बघा. एवढ्यात जळण आणि मजुरीच निघणार नाही. स्वस्त पाटाली खाण्यात पाप नाही; फक्त तिला नोलेन म्हणू नये.

चुलीवर काय होतं ते थोडं जवळून पाहण्यासारखं आहे, कारण तीनही प्रकार एकाच काहिलीतून निघतात. रस फडक्यातून गाळून पत्र्याच्या पसरट काहिलीत ओततात. पहिला अर्धा तास फक्त मळी काढायची, करड्या फेसाची. ती आळसाने राहू दिली तर गूळ काळवंडतो. मग रस पिवळा, मग तांबूस होतो, बुडबुडे बारीक फेसाचे राहत नाहीत, मोठे होऊन जड आवाजात फुटायला लागतात. इथे जाळ कमी करतात. पाक करवंटीच्या पळीने उचलून सोडला आणि धार तुटताना मागे जाड थेंब राहिला, तर तो झोला गूळ: काकवीपेक्षा पातळ-जाड कसाही, पण वाहता. याच टप्प्यावर उतरवून मडक्यात काही दिवस ठेवला की तळाला रवा धरतो, तो दाना गूळ. आणखी आटवून पाक साधारण ११५ ते १२० अंशांना पोचला की पाटालीची वेळ.

पाटालीला ‘बीज’ लागतं. काहील उतरवल्यावर कडेचा वाटीभर पाक लाकडी दांड्याने पत्र्यावर घासत राहतात. दोन-चार मिनिटांत तो भाग फिकट, मग पांढरट आणि रवाळ होतो. तो सगळ्या पाकात मिसळतात, त्या दाण्यांभोवती बाकीचा पाक दाणा धरतो, आणि लगेच फडकं अंथरलेल्या मातीच्या सरांमध्ये, म्हणजे पसरट ताटल्यांत ओततात. घासणं कमी झालं तर पाटाली च्युइंगगमसारखी ओढली जाते. जास्त झालं तर ओतण्याआधीच काहिलीत बसते. जाळ शेवटी मोठा राहिला तर गूळ कडवट होतो, आणि तो कडवटपणा दुधात घातल्यावर दुप्पट जाणवतो.

आता दुकानात उभं राहून काय बघायचं. पाटालीची कड अंगठ्याने दाबा. खरी पाटाली बाहेरून कोरडी, आतून ओलसर असते आणि कड दबते किंवा भुगा होते. दगडासारखी टणक, तोडल्यावर चकाकणारे स्फटिक दिसणारी, ती साखरेची. रंग गडद तपकिरी ते तांबूस. फिकट पिवळी पाटाली संशयास्पद. तुकडा चावू नका, जिभेवर ठेवा. खरा गूळ विरघळताना आधी गोडवा, मग धुराची किंचित छटा, मग वास मागून नाकात चढतो. इसेन्सचा गूळ याच्या उलट वागतो: कागद सोडायच्या आधीच दरवळतो आणि तोंडात गेल्यावर नुसता गोड लागतो. खारट लागला तर जुना किंवा काहीतरी घातलेला. कडवट लागला तर करपलेला. आंबूस लागला तर तेकाटचा. झोला गुळाची बरणी तिरकी करून बघा. वर बारीक फेस किंवा झाकण फुगलेलं असेल तर आत आंबणं सुरू आहे. तळाला रवा दिसला तर मात्र घाबरू नका. तो शुद्धपणाला धरूनच आहे, आंबलेल्या रसाच्या गुळात तो सहसा दिसत नाही.

या सगळ्यात झोला आम्हाला वरचढ वाटतो, आणि कारण साधं आहे. पाटालीसाठी पाक जितका पुढे नेतात तितका वास उडतो. झोला आधी उतरतो, त्यामुळे त्यात रसाचा मूळ गंध जास्त टिकतो. शिवाय त्यात साखर घालण्याचं कारणही कमी, कारण त्याला उभं राहायचं नसतं (वजन वाढवायला घालणारे आहेतच). तोटा एकच, पण मोठा: टिकत नाही. दाना गूळ पोळीबरोबर खायला उत्तम, मुडीत, म्हणजे कुरमुऱ्यांत कालवूनही. पाटाली प्रवासाला, साठवणीला, आणि नुसती तोडून खायला. पहाटे मुडीची वाटी आणि पाटालीचा खडा, हा शेतावर जाणाऱ्याचा हिवाळ्यातला नाश्ता आहे, आणि त्याच्यापुढे मिठाईवाल्याच्या अर्ध्या गोष्टी फिक्या आहेत. ट्यूबचा गूळ गाळलेला, एकसारखा, वर्षभर मिळणारा. वास मंद. पण झाकण घट्ट बसतं, मुंग्या लागत नाहीत, हातगुण लागत नाही. बंगालाबाहेर राहणाऱ्याला जुलैत तेवढाच आधार. पाच गुणांत बोलायचं तर पौषातला झोला पाच, मऊ पाटाली चार, दाना साडेतीन, ट्यूब दोन, आणि बारमाही टणक पाटाली शून्य.

ताल पाटाली ही वेगळी वस्तू. ती ताडाच्या रसाची, उन्हाळ्यात निघते, दिसायला सारखी. तिची स्वतःची चव चांगली आहे, पण एप्रिल-मेमध्ये ताजी म्हणून मिळाली तर ती नोलेन नसणार एवढं लक्षात ठेवा.

घेण्याच्या जागा. नदियातलं माझदिया गुळाच्या हाटासाठी नावाजलेलं आहे. सियालदहहून गेदेकडे जाणाऱ्या लोकलने जाता येतं. हाटात शिउली स्वतः मडकी आणि टोपल्या घेऊन बसतात, सकाळी लवकर गेलात तर चाखून घेता येतं. तिथेही साखरेचा गूळ येतोच, हाटाच्या नावाने तपासणी सोडू नये. दक्षिण चोवीस परगण्यातलं जयनगर प्रसिद्ध आहे ते मोआसाठी. मोआ म्हणजे कनकचूड भाताच्या लाह्या नोलेन गुळात आणि तुपात वळून केलेला लाडू, वरून खवा आणि काजू-बेदाणे. २०१५ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. शेजारच्या बहडू गावाला विचाराल तर खरा मोआ त्यांचा. तो वाद आपण खाणाऱ्याने मिटवू नये, दोन्हीकडचा घ्यावा. कनकचूड हे आमन भात, हिवाळ्याच्या तोंडाला कापलं जातं, त्याच्या लाहीला स्वतःचा वास असतो. म्हणजे नवी लाही आणि नवा गूळ एकाच पंधरवड्यात एकत्र येतात, मोआ त्या दिवसांतला पदार्थ आहे. चांगला मोआ बोटांनी दाबला की विस्कटतो, चिवट ओढला जात नाही. साध्या लाह्या आणि साखरेच्या पाकाचा मोआ कडक आणि पांढुरका असतो. फ्रिजबाहेर चार-पाच दिवसांच्या पुढे ठेवू नका. लाही मऊ पडते आणि तुपाला वास लागतो. कोलकात्यातल्या मिठाईवाल्यांकडे डिसेंबरपासून नोलेन गुळाचा संदेश येतो, त्यालाही २०२५ मध्ये मानांकन मिळालंय. तिथे एकच खूण बघा: संदेश फिकट बदामी असावा. गडद तपकिरी रंग हा गुळापेक्षा रंगाचा असण्याची शक्यता जास्त.

घरी आणल्यावर बहुतेकांचा गूळ वाया जातो तो पायेशमध्ये, म्हणजे तांदळाच्या खिरीत, आणि शिव्या बसतात गुळाला. दूध फाटतं कारण गूळ किंचित आंबट असतो आणि दूध उकळतं असतं. प्रमाण असं घ्या: एक लिटर मलईचं दूध, ६० ग्रॅम गोविंदभोग तांदूळ (नसेल तर आंबेमोहोराची कणी चालेल), १५० ते १७५ ग्रॅम गूळ, एक तमालपत्र. तांदूळ धुऊन अर्धा तास निथळवा, चमचाभर तूप चोळा. दूध उकळून एक चतुर्थांश आटलं की तांदूळ घाला आणि मंद आचेवर ढवळत शिजवा, तीस-पस्तीस मिनिटं. दाणा दोन बोटांत दाबल्यावर पूर्ण चिरडला पाहिजे. गूळ पडल्यावर तांदूळ पुढे शिजत नाही, त्यामुळे इथे घाई करू नका. मग गॅस बंद. दहा मिनिटं थांबा. पाटाली असेल तर ती चार चमचे पाण्यात वेगळ्या भांड्यात विरघळवून, गाळून, कोमट करून घ्या. गाळल्यावर गाळण्यात काथ्या आणि वाळू दिसेल, ते अपेक्षित आहे. तीन वेळा थोडा थोडा घालून ढवळा. पुन्हा उकळी आणू नका. वेलदोडा घालू नका, केशर तर नाहीच. या गुळाबरोबर ते गर्दी करतात. गार झाल्यावर पायेश घट्ट होतो, त्यामुळे उतरवताना तो थोडा पातळच दिसायला हवा.

गुळाबद्दल शंका असेल तर आधी अर्धी वाटी गरम दुधात चमचाभर घालून बघा. फाटलं तर तो गूळ पाटीशाप्ट्याच्या, म्हणजे सारण भरून गुंडाळलेल्या धिरड्याच्या सारणाला वापरा. पौष संक्रांतीला, म्हणजे आपल्या मकर संक्रांतीला, घरोघरी पिठे, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोड पदार्थ होतात, त्यात नारळ आणि गुळाचं सारण परतलं जातं. ५०० ग्रॅम खवलेल्या नारळाला २५० ग्रॅम गूळ पुरतो. मंद आचेवर कढईची कड सोडेपर्यंत परता. ओलं सारण भरलं तर पाटीशाप्टा फाटतो, आणि जास्त परतलं तर थंड झाल्यावर खडे होतात. चितोई किंवा आशके पिठा मात्र झोला गुळात बुडवूनच खायचा, तिथे पाटाली वितळवून काम भागवणं म्हणजे पायरी चुकणं.

साठवणीचं. पाटाली प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका. तिला घाम सुटतो, पृष्ठभाग चिकट होतो आणि बुरशी धरते. साध्या कोऱ्या कागदात दोन पदर गुंडाळा, मग डब्यात, डबा फ्रिजमध्ये. काढल्यावर लगेच उघडू नका, डबा खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर बाहेरची वाफ गुळावरच बसते. अशी पाटाली तीनेक महिने छान राहते, नंतर रंग गडद होतो, वास कमी होत जातो, पण खायला हरकत नसते. झोला आणल्या दिवशीच एकदा उकळी आणून, मळी काढून, गार करून काचेच्या कोरड्या बरणीत भरा. वर दोन बोटं जागा सोडा. फ्रिजमध्ये दोन महिने, फ्रीझरमध्ये पुढच्या हंगामापर्यंत. तिथे तो दगड होत नाही, घट्ट मधासारखा राहतो. ओला चमचा घातलात तर आठवड्यात फेस. तळाला बसलेला रवा हवा नसेल तर बरणी कोमट पाण्यात उभी करा, थेट आचेवर नको.

विमानाने येणार असाल तर झोला हातातल्या बॅगेत नेऊ देतीलच असं नाही. तो द्रव धरला जातो आणि १०० मिलीची मर्यादा लागू शकते. सामानातल्या बॅगेत, डब्याचं झाकण टेपने बांधून, दोन पिशव्यांत, कपड्यांच्या मध्ये. मातीचं मडकं दिसायला सुंदर, पण त्याला घाम सुटतो आणि त्याचा तुकडा पडला की सगळी बॅग गोड. कुरियरने मागवत असाल तर जानेवारीतच मागवा. मार्चच्या उन्हात गोदामात पडलेली पाटाली ढेप न राहता पाटा होऊन येते.

राहिला कच्चा रस. पहाटे झाडाखाली पेला भरून देतात, थंड, गोड, बर्फासारखा. याची शिफारस आम्ही करत नाही. रात्री वटवाघळं त्याच खाचेवर चाटायला येतात आणि मडक्यात त्यांची लाळ आणि लघवी पडते. निपाह विषाणू यातून माणसात येतो हे बांगलादेशातल्या साथींच्या तपासांत दिसलंय. पश्चिम बंगालमध्येही २००१ साली सिलिगुडीत आणि २००७ साली नदियात निपाहच्या साथी झाल्या. काही शिउली खाचेभोवती आणि मडक्याच्या तोंडाभोवती बांबूच्या पट्ट्यांचा पडदा बांधतात, तो उपयोगी आहे, पण मागच्या रात्री तो नीट बांधला होता की नाही हे तुम्हाला पेल्यात दिसत नाही. चव घ्यायचीच असेल तर शिउलीकडून रस मागून समोर खळखळून उकळून घ्या. थोडा आटलेला, गरम, धुराच्या वासाचा तो रस कच्च्यापेक्षा वाईट नाही. गुळाला ही भीती नाही. तो तासन्‌तास उकळलेला असतो.